जिंकले, तरी हात गेलाच

‘सेकिरो’ हा व्हिडिओ गेम एकदा पूर्ण करून झाल्यावर मी तो पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतला, तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं. चांदण्यातल्या त्या पहिल्या लढतीत गेनिचिरोला लोळवायचं. ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना ठाऊक आहे की ही लढत हरण्यासाठीच असते. आपण नवखे, बोटं अजून बटणांना सरावलेली नाहीत, आणि समोर आशिना घराण्याचा तो उंचापुरा वारस. दोन-चार वार, की खेळ खलास. मग तो आपल्या वुल्फचा, म्हणजे आपण ज्याच्या रूपात खेळतो त्या शिनोबीचा (निन्जाचा), डावा हात उडवतो आणि गोष्ट खरी तिथून सुरू होते. पण दुसऱ्या फेरीत माझ्या हातांना सगळं पाठ होतं. उडी मारली की त्यामागून काय येणार, भोसकायला निघतो तेव्हा त्याचं अंग कसं आधी मागे जातं, सगळं. एकेक वार परतवत गेले, त्याचा तोल पार ढासळवला आणि शेवटचा घाव घातला. शेजारी बसलेला धाकटा भाऊ ओरडला, “ताई, जिंकलीस!” तेवढ्यात अंधारातून कुठूनशी एक शुरिकेन (फेकून मारायची धारदार चकती) सणसणत आली. वुल्फने ती तलवारीने उडवली, त्याची नजर क्षणभर हलली, आणि तेवढ्या अवधीत गेनिचिरोने हात कापला. वर ऐकवलंही, की इज्जत आणि विजय यांतला फरक शिनोबीला तरी कळायला हवा होता. भाऊ म्हणाला, “हे काय? चीटिंग आहे ही सरळ!” मी हसले. पण ते मनातून जाईना.

जिंकले होते, आणि हात गेला होता.

आधी वाटलं, लिहिणाऱ्यांची जबरदस्ती आहे. कथेला तुटलेला हात हवा होता, म्हणून तोडला. पण मग एवढा खटाटोप कशाला? त्या पहिल्या लढतीत गेनिचिरोला अजिंक्य ठेवणं कितीतरी सोपं होतं. त्याची हेल्थ संपूच द्यायची नाही, किंवा आपल्या वारांना जोरच ठेवायचा नाही. अनेक गेम तसंच करतात आणि कुणी तक्रारही करत नाही. इथे मात्र त्यांनी मला जिंकू दिलं. माझ्या जिंकण्याची दखल घेणारा वेगळा प्रसंग रचला, त्यासाठी एक लपलेला निन्जा उभा केला, गेनिचिरोच्या तोंडी वेगळं बोलणं घातलं. म्हणजे माझ्यासारखी खुळी माणसं येणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. लढतीत कोण सरस ठरलं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना माझ्याकडून काहीतरी ठेवून घ्यायचं होतं, पुढच्या भेटीसाठी.

यावरून वाली-सुग्रीव आठवले. पहिल्या द्वंद्वात सुग्रीव मार खाऊन पळून येतो, कारण दोघे भाऊ इतके सारखे दिसतात की बाण सोडायचा कुणावर हेच रामाला कळत नाही. दुसऱ्या खेपेला सुग्रीवाच्या गळ्यात गजपुष्पीच्या वेलीची माळ असते. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझं सगळं लक्ष त्या आडून सोडलेल्या बाणाकडे असायचं, आणि मरता मरता वालीने रामाला जो जाब विचारला त्याकडे. गेनिचिरोचं इज्जत आणि विजयाचं बोलणं ऐकून पहिल्यांदा वाली आठवला तो त्यामुळेच. पण नंतर मला त्या गोष्टीतली माळ जास्त बोलकी वाटायला लागली. तेच दोघे, तेच वैर, तीच जागा, तरी दुसरं द्वंद्व पहिल्यासारखं असून चालत नाही. लढणाऱ्याच्या अंगावर काहीतरी नवं दिसावं लागतं. माळ तरी, नाहीतर जखम.

मग जुने गेम आठवून पाहिले, तर पहिल्या लढतीचा निकाल खेळणाऱ्याच्या हाती ठेवायला बरेचजण तयार नसल्याचं दिसतं. २००५ साली आलेल्या ‘डेव्हिल मे क्राय ३’मध्ये डांटे आणि व्हर्जिल हे जुळे भाऊ तीनदा भिडतात. पहिली लढत उंच मनोऱ्याच्या माथ्यावर, धो धो पावसात. ही तुम्हाला जिंकावीच लागते, नाहीतर गेम पुढे सरकत नाही. जीव तोडून जिंकता, आणि लगेच कटसीनमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या दृश्यात, तुमचा डांटे हरताना दिसतो! व्हर्जिल त्याच्या पोटात आपली यामातो तलवार खुपसतो, आईने दोघांना दिलेल्या जोडताइतांपैकी डांटेच्या गळ्यातला हिसकावून घेतो, आणि मग डांटेचीच तलवार त्याच्या अंगात रोवतो. तेव्हा मी जाम वैतागले होते. आत्ता तर मी ह्याला हरवलं होतं, मग हा कोण माझी जीत पुसणारा? पण त्याच घावाने डांटेच्या आतलं बापाकडून आलेलं राक्षसी रक्त जागं होतं. त्यानंतर ‘डेव्हिल ट्रिगर’ तुमच्या कंट्रोलरवर येतो. बटण दाबलं की रूप पालटतं, जोर वाढतो, जखमा भरायला लागतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या लढतीत तुम्ही व्हर्जिलला ज्या शक्तीने भिडता, ती त्यानेच पहिल्या लढतीत तलवारीच्या टोकाने तुमच्या अंगात घातलेली असते.

‘सेकिरो’तला हातही तसाच. तुटलेल्या हाताच्या जागी एक म्हातारा मूर्तिकार लाकडा-लोखंडाचा हात बसवतो. त्या हातात दोर असतो, ज्याच्या जोरावर छपरांवरून झेपावता येतं. नंतर त्यात फटाके येतात, कुऱ्हाड येते, उघडून ढाल करता येईल अशी लोखंडी छत्री येते. मूळ हात शाबूत असता तर वुल्फ एक निष्ठावान, चपळ, पण साधा तलवारबाज राहिला असता. किल्ल्याच्या माथ्यापर्यंत तो पोचलाच नसता. गेनिचिरोने हात तोडून स्वतःकडे येणारी वाट बांधून दिली, असं म्हणायला हरकत नाही. आणि ही वाट त्या घराण्यात आधीही एकदा बांधली गेली होती. त्या मूर्तिकाराचाही डावा हात नाही. तो गेनिचिरोच्या आजोबांनी, इशिन आशिनाने, कधीकाळी तोडलेला. लाकडी हात मुळात त्याचा. आजोबांनी तोडलेल्या हाताच्या जागी बसवलेला हात, नातवाने तोडलेल्या हाताच्या जागी येतो. गेम हे कुठे ढोल बडवून सांगत नाही. म्हाताऱ्याला साके पाजली तर तो थोडं थोडं बोलतो, तेवढंच.

कवितेतलं प्रतीक समजलं नाही तरी कविता वाचून होते. कुणीतरी नंतर समजावून सांगतं आणि आपण ‘अच्छा, असं होय’ म्हणतो. इथे तसं होत नाही. ह्या लाकडी हाताचा अर्थ कुणी सांगण्याआधीच तो दिवसभर आपल्या बोटाखाली असतो. दोर फेकायचा तर ट्रिगर दाबायचा, आणि ज्या बोटाने तो दाबतो त्या बोटाला एक हार माहीत झालेली असते. आपण त्याचा विचारही करत नाही. मी तर तो पहिल्यांदा केला तो हात दुसऱ्यांदा गेल्यावर.

उलट बाजूचं उदाहरण हवं तर ‘स्ट्रीट फायटर’ या मारामारीच्या गेममधला खलनायक सगाट आहे. १९८७च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये र्‍यू त्याला हरवतो आणि छातीवर तो आडवातिडवा व्रण ठेवून जातो. पुढच्या गेममध्ये सगाट येतो तो व्रण मिरवत, आणि येताना त्याच ठोशाला उत्तर म्हणून घडवलेला ‘टायगर अपरकट’ घेऊन येतो. म्हणजे हारीचं हत्यार करायचा मक्ता काही नायकाकडेच नाही. लहान असताना मी सगाट घेऊन खेळायचे, कारण त्याचे हात लांब होते. व्रण मला तेव्हा नुसती नक्षी वाटायची.

आता गेनिचिरोशी दुसरी, किल्ल्यावरची लढत.

‘सेकिरो’ खेळणाऱ्या पुष्कळांचा गेम इथे सुटतो, किंवा इथेच लागतो. २०१९च्या मार्चमध्ये गेम आला तेव्हा त्यात ‘सोपं’ आणि ‘अवघड’ असे पर्याय नसल्यावरून बरीच हमरीतुमरी झाली होती, आणि त्या वादात गेनिचिरोचं नाव वारंवार यायचं. मला ह्या लढतीतलं सगळ्यात आधी आठवतं ते दिसणं नाही, आवाज. नुसता वार अडवला तर तलवारीचा आवाज बसका येतो, आणि आपल्या तोलाची पट्टी भरत जाते (ती पूर्ण भरली की तोल गेला). ऐन क्षणी परतवला तर तोच आवाज खणखणतो, ठिणग्या मोठ्या आणि केशरी उडतात, आणि तोल त्याचा जातो. दोन्हींत फरक डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतो. गेनिचिरो सरसर वारांची एक माळका सोडतो, त्यात वारांची चाल मध्येच बदलते. पहिले काही मी घाईघाईत बडवलेल्या बटणांनी अडवायचे, सगळे बसके. कितीतरी वेळा मरून झाल्यावर एका संध्याकाळी मी टीव्हीकडे बघणं जवळजवळ सोडून दिलं आणि नुसती ऐकत राहिले. खण, खण, खण-खण, थांब, खण. त्याच्या वारांना ताल होता. भाऊ म्हणाला, “तू मान डोलावतेयस.” डोलावत होते खरी.

ह्या लढतीत लाल अक्षर चमकतं ते धोक्याचं. ते दिसलं की नुसतं अडवणं उपयोगाचं नाही. भोसकायला आला तर मागे सरायचं नाही, उलट त्याच्याच दिशेने पुढे घुसून त्याची तलवार पायाखाली दाबायची. खालून झाडून घेणारा वार असेल तर उडी. पळायची बुद्धी होते तिथे पुढे जायचं, हे शिकवायला गेम तुम्हाला कितीही वेळा मारायला तयार असतो. आणि शिकवतो कोण, तर तुमचा वैरी. मूर्तिकाराच्या पडक्या देवळाबाहेर सरावासाठी एक न मरणारा सामुराई ठेवलेला आहे, भला माणूस आहे, सगळं नीट समजावून सांगतो. त्याच्याकडून मी काही शिकले असेन असं मला वाटत नाही. मला शिकवलं गेनिचिरोने. दोनदा पाडल्यावर तो चिलखत उतरवतो, काळवंडलेलं उघडं अंग दाखवतो आणि तलवारीवर वीज घेतो. तीही परतवता येते: उडी मारायची, वीज अंगावर झेलायची, आणि पाय जमिनीला टेकायच्या आत तलवार फिरवून ती त्याच्याकडे पाठवायची. जमिनीवर उभं राहून झेललीत तर संपलात. हवेत असलात, तर तीच वीज तुमची.

हरल्यावर तो मरत नाही, निसटतो. आशिनासाठी आपण माणूसपणसुद्धा सोडलंय, असं सांगून जातो. तेव्हा मी त्याचं ऐकलंच नव्हतं. कंट्रोलर टाकून नाचत होते.

नंतर कधीतरी, गेम बंद असताना, एक गोष्ट लक्षात आली आणि मग गेनिचिरोकडे पाहण्याची माझी नजरच फिरली. हा माणूस नेमकं मागतोय काय? त्याचं छोटं राज्य मोडकळीला आलंय, बाहेरचं सैन्य कधीही येईल, ज्या आजोबांच्या नावाला सगळे टरकून होते ते अंथरुणाला खिळले आहेत. म्हणून त्याला वुल्फचा छोटा धनी कुरो हवाय, त्या लहान मुलाच्या रक्तातलं अमरत्व हवंय. मेलं तरी पुन्हा उठायचं, पुन्हा लढायचं. आणि ते वुल्फकडे आधीच आहे. आणखी एक पायरी खाली उतरलं तर माझ्याकडे आहे. मी मरते, पडद्यावर मरणाचं मोठं लाल अक्षर येतं, आणि काही सेकंदांत मी, जिथून गेम पुन्हा सुरू होतो त्या मूर्तीपाशी, पुन्हा ताजीतवानी उभी. गेनिचिरो ज्यासाठी स्वतःचं अंग काळं करून घेतो, ज्यांनी दत्तक घेतलं त्या आजोबांच्या मनातून उतरतो, एका पोराला कोंडून ठेवतो, ते मला गेम विकत घेतला तेव्हाच मिळालेलं आहे. प्रत्येक खेळणाऱ्याला मिळतं. आपल्याला त्याची किंमतही वाटत नाही.

त्याच्या बाजूने बघा. त्याच्यासाठी किल्ल्यावरची ती लढत एकदाच होते. एक हात तुटलेला माणूस आला, आणि कसं कोण जाणे, त्याला आपले सगळे डाव ठाऊक आहेत. उडीनंतर काय येणार हे ह्याला कुणी सांगितलं? ताल कसा कळला? माझे ते सगळे मरून वाया गेलेले प्रयत्न त्याच्या जगात झालेलेच नाहीत. तो बिचारा पहिल्यांदाच भेटतोय अशा माणसाला, जो त्याला पाठ करून आलाय. यात इज्जत किती आणि विजय किती, हा प्रश्न त्याने मला पहिल्याच रात्री विचारला होता. शुरिकेन फेकणारा त्याचा निन्जा फार तर माझ्या ‘पुन्हा प्रयत्न करा’च्या बटणाइतकाच लबाड होता.

गेमला हे ठाऊक आहे, असं मी ठामपणे म्हणेन. नाहीतर ड्रॅगनरॉट नावाचा रोग कशाला आणला असता? तुम्ही फार वेळा मरून उठलात, की आजूबाजूची माणसं खोकायला लागतात. देवळातला म्हातारा खोकतो, वाटेत भेटलेली, दोन शब्द बोललेली माणसं खोकतात. तुमचं प्रत्येक पुनरागमन त्यांच्या आयुष्यातून काहीतरी काढून घेतं. बाकीच्या गेममध्ये मरणं फुकट असतं. इथे त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, आणि गेनिचिरोला ते तसंच फाडायचं होतं, इतकंच. तो खलनायक आणि मी नायिका, यात फरक हा की कुरोने त्या शक्तीचा शेवट करायचा ठरवलंय आणि मी त्याच्या बाजूने आहे. तोवर ती वापरायला मात्र माझी काही हरकत नाही.

या सगळ्यात आजोबा कुठे आहेत ते बघण्यासारखं आहे. वुल्फला ‘सेकिरो’ हे नाव इशिन देतो, हात गेलेल्या लांडग्याला शोभेलसं. नातवाच्या वैऱ्याचं बारसं आजोबा करतात! आणि हे वाचताना ज्यांना ‘पोकेमॉन’ आठवला असेल, ते माझ्याच वाटेवर आहेत. १९९६च्या त्या पहिल्या गेममध्ये प्राध्यापक ओक आपल्या स्वतःच्या नातवाचं नाव विसरतात आणि ते तुम्हाला विचारतात. तुम्ही जे टाइप कराल ते त्याचं नाव. माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येकाने तिथे काहीतरी वाह्यात लिहून ठेवलेलं आहे. मग प्रयोगशाळेत तो नातू तुमच्यानंतर पोकेमॉन निवडतो, तुमच्या पोकेमॉनला वरचढ ठरेल तोच, आणि तिथल्या तिथे लढायला उभा राहतो. ही लढत हरलात तरी काही बिघडत नाही, गोष्ट पुढे जाते. इथेही पहिल्या निकालाला किंमत नाही. पुढे तो ठिकठिकाणी आडवा येतो, बढाया मारतो, दरवेळी तुमच्या एक पाऊल पुढे असतो. शेवटीही तुमच्या आधी चॅम्पियन होऊन बसलेला असतो, आणि तुम्ही त्याला हरवता. तेवढ्यात आजोबा येतात. नातवाला म्हणतात, तू पोकेमॉनना माया आणि विश्वास द्यायला विसरलास म्हणून हरलास. आणि तुमचा हात धरल्यासारखं तुम्हाला आत, मानाच्या दालनात घेऊन जातात. नातू मागे उभा. चॅम्पियनपद मिळून त्याला जेमतेम काही क्षण झाले असतील. लहानपणी मी तिथे टाळ्या पिटल्या होत्या. आता तो प्रसंग मला बघवत नाही. सबंध गेमभर तो पोरगा मला त्रास देत होता असं मला वाटलं, आणि तो बहुधा मागे वळून बघत होता की आजोबा येतायत का.

इशिन मात्र नातवासाठी येतो. पण कसा, ते पाहा.

तिसरी लढत पहिल्याच जागी आहे. तेच उंच रुपेरी गवत. मागे आशिनाचा किल्ला पेटलेला, बाहेरचं सैन्य शेवटी आलेलं. कुरो जखमी. गेनिचिरोच्या हातात आता काळी तलवार आहे, मेलेल्याला परत आणणारी. पहिल्या भेटीत त्याच्याकडे नुसतं शस्त्र आणि रुबाब होता, दुसरीत उसनी वीज आणि उसनं संजीवक पाणी, तिसरीत ही तलवार. दरवेळी हत्यार मोठं होत गेलं आणि माणूस आक्रसत गेला. गंमत म्हणजे ही लढत सोपी आहे. एकच हेल्थ बार, ओळखीचे डाव, त्यात एक-दोन काळ्या लाटा जास्तीच्या. जो किल्ल्यावर डोंगर वाटला होता, तो इथे चटकन पडतो. पडल्यावर तो काळी तलवार स्वतःच्याच मानेवर फिरवतो, आणि त्याच्या देहातून नुकताच वारलेला आजोबा बाहेर येतो, ऐन उमेदीतला, तलवारीला जोडीला भाला आणि पिस्तूल घेऊन. नातवाची शेवटची इच्छा, म्हणून लढायला उभा राहतो. आशिना वाचवायला जे करता येईल ते करायचं, हे गेनिचिरोचं व्रत होतं, आणि आशिनासाठी आपल्याहून आजोबा जास्त कामाचे, हा त्याचा अखेरचा हिशेब. मला वाटतं गेममधला सगळ्यात एकाकी माणूस तो आहे.

आणि ह्या एकाकी माणसाशी मी पुढे काय केलं, तर त्याला दारातली चप्पल पायाने सारावी तसा बाजूला सारत राहिले. कारण इशिन भयंकर अवघड आहे. तो मारतो, आणि पुन्हा सुरू केलं की लढत इशिनपासून सुरू होत नाही, गेनिचिरोपासून होते. आधी त्याला पाडायचं, मग आजोबा. सुरुवातीला प्रत्येक वेळी त्याच्या बोलण्याकडे, उभं राहण्याच्या ढबीकडे लक्ष जायचं. नंतर नंतर मी त्याला पाडता पाडता भावाशी भलत्याच विषयावर गप्पा मारत होते. त्याचा वार कानाने कळायचा, बोटं उत्तर द्यायची, मी कुठेच नव्हते. एकदा चुकून त्याच्याकडून मेले तर राग आला, तोही असा, की रस्त्यात कुणी विनाकारण वेळ खाल्ला. ज्याच्यावर एके काळी रात्री जागवल्या त्याच्याविषयी! हा गेमचा बेसूर आहे की मुद्दाम लावलेला सूर, याबद्दल माझं मत बदलत असतं. आज मला वाटतं मुद्दाम आहे. वैर असंच संपत असावं. कुणी माफ करत नाही, कुणी गळ्यात पडत नाही. समोरचा माणूस अडचण होऊन उरतो, आणि त्याला ते कळतं.

‘डेव्हिल मे क्राय’वाल्यांनी हे होऊ दिलं नाही. तिसऱ्या लढतीनंतर व्हर्जिल कड्यावरून पडतो, डांटे हात पुढे करतो, आणि व्हर्जिल त्या तळव्यावर यामातोचा वार करून खाली जातो. पुढे तोच आपल्याला दुसऱ्या रूपात भेटणार हे जुन्या खेळाडूंना आधीच माहीत असतं, कारण २००१चा पहिला गेम कथेत नंतर घडतो. २०१९च्या पाचव्या गेममध्ये तर दोघे भाऊ शेवटी पाताळात लुटुपुटुची झुंज खेळत कोण किती वेळा जिंकलं याचा हिशेब ठेवताना दिसतात. मला तो शेवट आवडतो, खोटं कशाला बोलू. पण आवडतो तो मिठाई आवडावी तसा नाही, सुटल्यासारखं वाटतं म्हणून. गेनिचिरोच्या वाट्याला कुणी हात पुढे केलाच नाही, मग त्यावर वार करायचा प्रश्नच कुठे येतो.

त्याला एकच मोठेपणा मिळालाय, तोही न बोलता. इशिन शेवटच्या टप्प्यावर आला की आकाश कडाडतं आणि तोही वीज वापरतो. पहिल्यांदा ती अंगावर आली तेव्हा मला विचार करायला वेळच नव्हता. उडी मारली, झेलली, पाय टेकायच्या आत फिरवली. इशिन थरथरत थांबला, आणि मग माझ्या लक्षात आलं की हे मला शिकवलंय कुणी. आजोबांना पाडायची युक्ती नातवाकडून आली होती. त्या लढतीतला सगळ्यात अवघड वाटणारा टप्पा म्हणूनच पुष्कळांना सोपा जातो. वीज आली की ते जवळजवळ खूश होतात.

जाता जाता एक. ज्या वाटेने गेलं की वुल्फ कुरोची साथ सोडतो, त्या वाटेवर गेनिचिरो पुन्हा भेटतच नाही. तिथे वैद्य एमा आणि म्हातारा इशिन यांच्याशी लढावं लागतं, आणि गोष्ट लवकर, वाईट संपते. मी ती वाट एकदा घेतली. सगळं उरकल्यावर चुकल्या चुकल्यासारखं वाटलं ते निष्ठा मोडल्यामुळे नव्हे. गवतात कुणीतरी वाट बघत उभा असायला हवा होता, तो नव्हता.

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये गेमला एक फुकट अपडेट आला. आता मूर्तीपाशी बसून हरवलेल्या कुठल्याही बॉसशी, म्हणजे मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी, हवं तेव्हा लढता येतं, आणि गेनिचिरोचं एक नवं, जास्त तिखट रूप त्यात दिलंय. तो आता हवं तितक्या वेळा उठतो. ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते त्याला शेवटी एका यादीतली ओळ म्हणून मिळालं, यावर भाऊ खूप हसला. मला ते तितकं हसण्यासारखं वाटलं नाही, पण मी पहिल्याच दिवशी लढायला गेले, हेही खरं. आणि माझ्या मते त्यांची खरी तिसरी लढत ही आहे, गवतातली नव्हे. इथे तो कुणाच्या आजोबांना बोलवत नाही, काळी तलवार नाही. त्याने स्वतःसाठी एक नवा डाव आणलाय, हवेत गिरक्या घेत वर चढणारा, एकामागून एक वार. हरवलंत तर तो डाव तुम्हालाही शिकायला मिळतो. मला मिळालाय. पण त्याच्याकडून येतो तेव्हा मधला वार मी अजून दहातून चारदा बसकाच अडवते, आणि ताल ऐकू यायला लागेपर्यंत भावाला टीव्ही मिळणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय.